खाटेवरून दिसणारा दिवस

पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यातल्या कितीतरी जुन्या शेडची छपरे करवतीच्या दात्यांसारखी आहेत. एका अंगाने उतरता पत्रा, दुसऱ्या अंगाने काच, आणि काचेचे तोंड उत्तरेला. शॉप फ्लोअरवर याला नुसते ‘नॉर्थ लाइट’ म्हणतात. उत्तरेकडच्या आकाशाचा उजेड दिवसभर जवळजवळ एकसारखा राहतो. त्यात ऊन नसते, म्हणून चकाकी नसते आणि गडद सावलीही नसते. लेथवर उभा असलेला कामगार मायक्रोमीटरच्या रेघा वाचतो तेव्हा त्याला नेमका हाच उजेड लागतो. ऊन थेट जॉबवर पडले तर पोलादाची चमक डोळ्यांत जाते, माप चुकते, आणि संध्याकाळी रिजेक्शनच्या रकान्यात एक आकडा वाढतो. छपराची ती दातेरी रेषा कुणा आर्किटेक्टची हौस नव्हती. तिच्यामागे पैशांचा हिशेब होता.

कायदाही या हिशेबाच्या मागे उभा होता. १९४८च्या फॅक्टरी कायद्याचे सतरावे कलम फक्त प्रकाशाबद्दल होते. कामाच्या जागी पुरेसा उजेड हवा, मग तो नैसर्गिक असो वा दिव्यांचा. डोळ्यांवर ताण येईल अशी चकाकी किंवा सावली नको. आणि उजेडासाठी ठेवलेल्या खिडक्या-झरोक्यांच्या काचा आतून आणि बाहेरून स्वच्छ ठेवल्या पाहिजेत. आतून आणि बाहेरून! काच आतून पुसली जाते आणि बाहेरची धूळ वर्षानुवर्षे तशीच राहते, हे मसुदा लिहिणाऱ्या कुणाला तरी पक्के ठाऊक असणार. कायद्याच्या रूक्ष भाषेत असा अनुभवी माणूस क्वचित भेटतो.

माझा प्रश्न याच कामगाराबद्दल आहे, पण तो आडवा झाल्यानंतरचा. आकुर्डी, निगडी, चिखली, मोहननगर या भागातला माणूस आजारी पडला की आधी चौकातल्या नर्सिंग होममध्ये जातो. दुखणे मोठे असेल तर संत तुकारामनगरच्या वायसीएम रुग्णालयाला, ऐपत किंवा मेडिक्लेम असेल तर हमरस्त्यावरच्या एखाद्या खासगी हॉस्पिटलला. यंत्रासमोर उभा असताना त्याच्या डोळ्यांची काळजी छप्पर वाहत होते. आता तो खाटेवर पडला आहे, हाताला सलाईन आहे, आणि दिवसाचे चोवीस तास त्याला एकाच जागेवरून जग बघायचे आहे. त्या जागेवरून काय दिसते, याचा हिशेब कुणी केला? बांधकामाची नियमावली खिडकीचे क्षेत्रफळ फरशीच्या क्षेत्रफळाशी ताडून बघते. खाटेवरच्या डोळ्यांपर्यंत आकाश पोहोचते का, हे ती विचारत नाही. आणि रुग्णाला दिवस दिसला नाही, तर तो तोटा लिहायला रिजेक्शनसारखा रकानाही नाही.

हा हिशेब मांडायचा तर आधी आकुर्डीचा सूर्य समजून घ्यायला हवा, कारण रुग्णालयाच्या इमारतीचा दर्शनी भाग चुकतो तो बहुधा इथेच. आकुर्डी साधारण १८.६५ उत्तर अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरला भर दुपारी सूर्य दक्षिण क्षितिजापासून ४८ अंशांच्या आसपास असतो, मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनी ७१ अंशांवर. मेच्या मध्याला तो बरोबर डोक्यावर येतो आणि क्षणभर सावली पायाखाली नाहीशी होते. त्यानंतर जुलै अखेरपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते, ते दिवस हेच. युरोपातल्या पुस्तकांतून शिकलेला ‘उत्तरेला ऊन येत नाही’ हा नियम इथे वर्षातले अडीच महिने भर दुपारीसुद्धा खोटा ठरतो. शेडचे निभावते ते मोसमी ढगांमुळे. नेमक्या त्याच काळातला बराचसा भाग आभाळ भरून आलेले असते.

दक्षिणेचा सूर्य आवरणे सोपे. पाच फूट उंचीच्या खिडकीवर पावणेदोन फुटांचा छज्जा काढला तर विषुवदिनाच्या दुपारी सगळी काच सावलीत जाते, आणि डिसेंबरात त्याच छज्ज्याखालून तीन फूट ऊन आत येते. म्हणजे नको तेव्हा ऊन अडते आणि हवे तेव्हा येते, तेही कुठलेही यंत्र न लावता. आजी-आजोबांच्या पिढीतल्या गवंड्याला ही त्रिकोणमिती हाताने येत होती. पश्चिमेचे मात्र तसे नाही. चार वाजल्यानंतरचा सूर्य इतका खाली असतो की छज्जा त्याच्यापुढे हतबल. तिथे उभ्या फिन, म्हणजे भिंतीतून बाहेर काढलेल्या उभ्या पट्ट्या, हव्यात, जाळी हवी, नाहीतर झाड हवे.

आता आकुर्डीचा रस्ता बघा. जुना मुंबई-पुणे हमरस्ता चिंचवडहून निगडीकडे जाताना आग्नेयेकडून वायव्येकडे जातो. त्यामुळे त्याच्या एका बाजूच्या इमारतींची तोंडे ईशान्येला आणि दुसऱ्या बाजूच्या इमारतींची नैर्ऋत्येला. जगभरचे प्रकाशशास्त्र कोळून प्यायले तरी इथल्या प्लॉटवर हे दोनच पर्याय शिल्लक राहतात. ईशान्येच्या खिडकीला उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात सकाळचा सूर्य मिळतो, हिवाळ्यात जेमतेम तिरका स्पर्श होतो. नैर्ऋत्येच्या खिडकीला हिवाळ्यात दुपारनंतर ऊब मिळते, पण मार्च-एप्रिलच्या चार वाजता ती खिडकी तापून निघते. दोन बाजूंच्या इमारतींना दोन निराळे चेहरे हवेत, हे यातून उघड आहे. प्रत्यक्षात दोन्हीकडे एकच चेहरा दिसतो: निळसर आरशासारखी काच, मध्ये एसीपी शीटचे चंदेरी पट्टे, वर लाल प्लस आणि रात्री पेटणारी अक्षरे. हे ‘इलेव्हेशन’ रस्त्यावरून गाडीत जाणाऱ्यासाठी काढलेले असते. त्याला ते चार सेकंद दिसते. आत राहणाऱ्याला आठ दिवस.

त्या काचेचीही एक गोष्ट आहे. साधी पारदर्शक काच दृश्य प्रकाशाचा जवळपास नऊ दशांश भाग आत सोडते. गडद परावर्तक काच कित्येकदा एक तृतीयांशही सोडत नाही. म्हणजे भिंतभर काच लावायची, मग ऊन येते म्हणून ती काळी करायची, मग काळोख होतो म्हणून भरदिवसा ट्यूब लावायच्या, आणि तरीही तापते म्हणून आतून पडदा ओढायचा. चार खर्च करून आपण एका साध्या खिडकीच्या मागे येतो. २०१७च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेने काचेचा वाटा बाहेरच्या भिंतीच्या ४० टक्क्यांवर नेऊ नये असे सांगितले, त्यामागचे कारण हेच. भरपूर काच आणि भरपूर उजेड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि रुग्ण? तो बहुतेक वेळा त्या दर्शनी काचेच्या मागे नसतोच. तिथे रिसेप्शन असते, कन्सल्टिंग असते, वरच्या मजल्यावर डीलक्स रूम असते. जनरल वॉर्ड आणि ट्विन शेअरिंगच्या खोल्या बाजूला किंवा मागे, साइड मार्जिनकडे, म्हणजे शेजारच्या इमारतीपर्यंतच्या मोकळ्या पट्ट्याकडे, तोंड करून. तिथली खिडकी शेजारच्या इमारतीच्या ड्रेनेज पाइपांकडे बघते. काही ठिकाणी ती डक्टमध्ये उघडते. कागदावर तीही खिडकीच.

त्या ट्विन शेअरिंगच्या खोलीत थोडा वेळ बसू. आपल्याकडच्या बांधकामात खिडकीचा सील, म्हणजे खालची कड, तीन फुटांवर आणि लिंटल, म्हणजे वरची कड, सात फुटांवर, हे जवळजवळ पाठ झालेले माप. ते उभ्या माणसाचे आणि टेबलाशी बसलेल्या माणसाचे माप आहे. कॉटवर उशीला टेकलेल्या रुग्णाचे डोळे जमिनीपासून अडीच-पावणेतीन फुटांवर, म्हणजे सीलच्याही खाली. त्याला खिडकीतून खाली काही दिसत नाही, रस्ता नाही, झाडाचा बुंधा नाही, गेटावर उभा असलेला आपला मुलगा नाही. दिसले तर फक्त वरचे. समोरची इमारत वीस फुटांवर आहे असे धरा. खिडकीपासून सहा फुटांवरच्या कॉटवरून, समोरची इमारत त्या मजल्याच्या फरशीपासून दोन मजले चढली की आकाश संपते. पंधरा फुटांवरच्या दुसऱ्या कॉटवरून ते सव्वा मजल्यातच संपते. प्रकाशाचा अभ्यास करणारे खोलीच्या नकाशात अशी एक रेषा आखतात, जिच्यापलीकडे आकाशाचा तुकडाही डोळ्यांना लागत नाही. दोन कॉटमधला हिरवा पडदा बऱ्याचदा याच रेषेवर लटकत असतो.

उजेड आत किती खोल जातो, हेही खिडकीच्या माथ्यावर ठरते. ढोबळ हिशेब असा की खिडकीचा माथा जितका उंच, त्याच्या साधारण दुप्पट अंतरापर्यंत आत कामाचा उजेड पोहोचतो. सात फुटांचा लिंटल चौदा फूट उजेड देतो. दुसरी कॉट पंधराव्या फुटावर. माथा नऊ फुटांवर नेला तर उजेड अठरा फुटांपर्यंत जातो आणि दुसरा रुग्ण दिवसात येतो. पण वर एसीचे डक्ट झाकायला फॉल्स सीलिंग हवे असते, ते आठ फुटांवर उतरते आणि खिडकीला आपल्याबरोबर खाली ओढते. दुसऱ्या कॉटवरच्या माणसाचा दिवस त्या पोकळीत, जिप्समच्या पाटीच्या वर, अडकून पडलेला असतो. दोघांचे बिल मात्र एकाच दराने होते. खिडकीची कॉट मिळावी म्हणून नातेवाइकांनी सिस्टरला हळूच विनवणे, आणि पहिल्याला डिस्चार्ज मिळताच दुसऱ्याने सामानासकट तिकडे सरकणे, हे दृश्य कुणी पाहिले नसेल असे मला वाटत नाही. वास्तुशास्त्रातली पदवी नसताना माणसे हे ओळखतात.

रुग्णाच्या आडवेपणापासून सुरुवात करून इमारत बांधणारा एक माणूस होऊन गेला. फिनलंडच्या पाइमिओ गावचे क्षयरोग्यांचे सॅनेटोरियम १९३३मध्ये पुरे झाले, ते आल्वार आल्तोचे काम. आडव्या माणसाला भिंतींपेक्षा छत जास्त वेळ दिसते, हे त्याने गृहीत धरले. म्हणून छताला डोळे निवतील असा गडद रंग दिला, दिवे थेट डोळ्यांत येणार नाहीत असे लावले, आणि खोल्यांची तोंडे सकाळच्या उन्हाकडे वळवली. आपल्याकडच्या वॉर्डात वर बघितले की दोन-बाय-दोनच्या पांढऱ्या टाइल्स आणि त्यातल्या एका चौकोनात थेट नजरेवर जळणारे एलईडी पॅनेल.

आल्तोच्या मागे एक मोठी परंपरा होती, आणि तिचा एक धागा महाराष्ट्रातून जातो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल हिंदुस्थानात कधी आली नाही, पण पुण्याच्या सार्वजनिक सभेशी तिचा पत्रव्यवहार होता. शुश्रूषेवरच्या आपल्या पुस्तकात ताज्या हवेच्या खालोखाल तिने उजेडाला स्थान दिले, आणि नुसता उजेड नाही, प्रत्यक्ष ऊन हवे असे बजावले. कूस न बदलता रुग्णाला खिडकीबाहेर दिसले पाहिजे, निदान आकाश तरी, हा तिचा आग्रह होता. तिने कल्पिलेल्या लांबट वॉर्डात दोन्ही भिंतींना खिडक्या असत, दर दोन खाटांमागे किमान एक. पुढे क्षयाचे जंतू उन्हात मरतात हे कळले, त्वचेच्या क्षयावर प्रकाशाचा उपचार शोधणाऱ्या नील्स फिन्सेनला १९०३चे नोबेल मिळाले, आणि ऊन हे औषधांच्या यादीत जाऊन बसले. मिरजेजवळ वानलेसवाडीला, पाचगणीला डॉ. बिलिमोरियांच्या बेल-एअरमध्ये क्षयरोगी महिनोन् महिने हवा आणि ऊन खात पडून असत. त्या काळच्या मराठी घरांत पाचगणी हे सहलीचे नाव नव्हते. ते धसक्याचे नाव होते.

पण आपल्या परंपरेने उन्हाला सरसकट आत बोलावलेले नाही, आणि हे इथल्या आर्किटेक्टने विसरू नये. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, पंधराव्या अध्यायात, उपचारासाठी घर कसे बांधावे याचे वर्णन आहे. घर भक्कम असावे, वाऱ्याचे झोत अंगावर येऊ नयेत पण एका बाजूने हवा खेळती असावी, हिंडायला-फिरायला जागा असावी, आणि धूर, ऊन, पाणी, धूळ यांचा तिथे शिरकाव नसावा. ऊन चक्क धूर आणि धुळीच्या पंक्तीला! नाइटिंगेलला लंडनच्या काजळलेल्या आकाशाखाली सूर्य दुर्मीळ होता; चरकाला तो रोज दुपारी दारात उभा दिसत होता. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. आकुर्डीला या दोघांमधून वाट काढायची आहे: सकाळचे कोवळे ऊन नाइटिंगेलच्या सांगण्यावरून आत घ्यायचे, दुपारचे चरकाच्या सांगण्यावरून बाहेर ठेवायचे, आणि आकाशाचा उजेड दिवसभर चालू द्यायचा.

मग रुग्णालयांतून ही दृष्टी गेली कुठे? उत्तर आकुर्डीपासून काही किलोमीटरवर आहे. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली. तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले, पुढे क्षयावरचे स्ट्रेप्टोमायसिनही. १९५६ला मद्रासमध्ये एक प्रयोग सुरू झाला. क्षयाच्या रुग्णांना नवी औषधे दिली. काहींना सॅनेटोरियमच्या मोकळ्या हवेत आणि चांगल्या आहारावर ठेवले, काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या गरीब घरांतच. १९५९ला निष्कर्ष छापून आले. घरी राहिलेले जवळजवळ तितकेच बरे झाले होते. मानवजातीच्या दृष्टीने ही आनंदाचीच बातमी. तिने जगभरातल्या लाखो गरिबांना घरच्या घरी बरे होण्याचा मार्ग दिला. पण खिडकीने आपली वैद्यकीय नोकरी त्या दिवशी गमावली. औषध म्हणून तिला इमारतीत मान होता. औषध बाटलीत आले, पाठोपाठ ट्यूबलाइट आणि एसी आले, आणि खोलगट नकाशात कुठेही खाट टाकायला हरकत उरली नाही. आमच्या पट्ट्याने देशाला प्रतिजैविके दिली आणि त्यांच्याच बळावर बिनखिडकीची रुग्णालये शक्य झाली, हा योगायोग मला अस्वस्थ करतो.

गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत खिडकीची बाजू पुन्हा मांडली गेली आहे, या वेळी आकड्यांनिशी. रॉजर उलरिच यांचा १९८४चा निबंध सर्वांत प्रसिद्ध. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या २३ जोड्या त्यांनी लावल्या. प्रत्येक जोडीतल्या एकाच्या खिडकीतून झाडे दिसत, दुसऱ्याच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे पाहणारे सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली. पिट्सबर्गमध्ये मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर उजळ बाजूच्या खोल्यांतल्या रुग्णांनी २२ टक्के कमी वेदनाशामके घेतली. मिलानमध्ये बेनेदेत्ती आणि सहकाऱ्यांनी २००१ला दाखवले की द्विध्रुवी आजारातल्या नैराश्याचे रुग्ण पूर्वेच्या खोल्यांत असतील तर पश्चिमेच्या खोल्यांपेक्षा साडेतीन दिवसांहून अधिक लवकर घरी जातात. इमारत तीच, डॉक्टर तेच; फरक सकाळच्या उन्हाचा.

या आकड्यांनी हुरळून जाऊ नये असेही मला वाटते. उलरिच यांचे रुग्ण एकूण ४६ होते, आणि त्यांचा प्रश्न दृश्याचा होता, उजेडाचा नव्हे. १९७२च्या एका अभ्यासात बिनखिडकीच्या आयसीयूत ४० टक्के रुग्णांना भ्रम झाला आणि खिडकीच्या आयसीयूत १८ टक्क्यांना; पण पुढच्या मोठ्या अभ्यासांत असा ठळक फरक दिसला नाही. खिडकीला पुन्हा औषध म्हणून विकायला निघालो तर उद्या एखादी गोळी तिला पुन्हा हरवेल, जशी एकदा हरवली. तिचा हक्क निराळ्या पायावर उभा करायला हवा. आजारी माणसाचे आपण कपडे घेतो, चप्पल घेतो, जेवणाची वेळ घेतो, दाराची कडी घेतो. यातले बरेचसे घ्यावेच लागते. दिवस घ्यावा लागत नाही. तो निष्काळजीपणाने घेतला जातो. नेहरूनगरच्या अण्णासाहेब मगर स्टेडियमवर २०२०मध्ये उभारलेल्या जंबो कोविड केंद्राला त्यासाठी सबब होती. साथ दारात असताना खिडक्यांचा विचार कोण करील? पन्नास वर्षांसाठी बांधलेल्या इमारतीला ती सबब नाही.

दिवस म्हणजे नुसता उजेडही नव्हे, तो बदलता उजेड. आपल्या डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा आहेत की त्या चित्र बघत नाहीत, फक्त उजेड किती आहे ते मेंदूतल्या घड्याळाला कळवतात. या शतकाच्या सुरुवातीला त्या नीट ओळखल्या गेल्या. निळसर उजेडाला, म्हणजे सकाळच्या आकाशाला, त्या सर्वाधिक दाद देतात. घराबाहेर ढगाळ दिवशीही दहा हजार लक्स उजेड सहज असतो. ट्यूबच्या उजेडातल्या वॉर्डात तो काही शेच असतो. घड्याळाच्या दृष्टीने असा वॉर्ड म्हणजे न संपणारी संध्याकाळ. आणि रात्री बाहेरच्या बोर्डाचा लाल-पांढरा झोत, पॅसेजचे दिवे, दर दोन तासांनी तपमान बघायला पेटणारी ट्यूब. ना धड दिवस, ना धड रात्र.

हे कुठल्याही शहरात वाईटच, पण इथे जास्त. या गावाचे अर्धे आयुष्य फर्स्ट, सेकंड आणि नाइट या तीन शब्दांत बसते. आठवड्याला शिफ्ट बदलणाऱ्या माणसाचे घड्याळ आधीच विस्कटलेले असते. तो नाइट करून सकाळी सातला घरी येतो, खिडकीला चादर लावून झोपतो, आणि असे वीस-पंचवीस वर्षे चालते. त्याला बायपास किंवा मधुमेहाच्या जखमेसाठी दहा दिवस पडून राहावे लागते, तेव्हा कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्याला दिवस आणि रात्र आपापल्या जागी मिळण्याची शक्यता असते. ती संधी इमारत वाया घालवते.

तर दर्शनी भाग कसा असावा? माझ्या मते खिडकीचे दोन तुकडे करावेत, कारण तिची कामेही दोन आहेत. खालचा तुकडा बघण्यासाठी. त्याचा सील दोन फुटांवर उतरवावा, सुरक्षेला पक्की काच आणि गज द्यावेत, म्हणजे पडल्या पडल्या खालचे झाड आणि गेट दिसेल. वरचा तुकडा उजेडासाठी, छतापर्यंत नेलेला. एसीचा डक्ट दाराकडच्या बाजूला थांबवावा आणि छत खिडकीकडे वर उचलावे. दोन तुकड्यांच्या मध्ये आतबाहेर आलेली एक पांढरी आडवी फळी, जी खालच्या काचेवर सावली धरील आणि वरचे ऊन छताकडे उडवील. मग दुसऱ्या कॉटवरच्या माणसालाही छतावरून पसरलेला दिवस मिळेल. नैर्ऋत्येला उभ्या फिन, आणि त्यांच्या बाहेर जागा मिळेल तिथे करंज किंवा कडुनिंब. उष्णता अडवून उजेड सोडणाऱ्या काचा आता बाजारात मिळतात. महाग आहेत, पण भिंतभर लावायच्या नसतील तर परवडतात. पडद्याची दोरी रुग्णाच्या हाताला लागली पाहिजे. मायग्रेनच्या रुग्णाला, मोतीबिंदू काढलेल्या आजींना, बाळाला पाजणाऱ्या बाईला उजेड आणि नजर दोन्ही अडवायचा अधिकार हवा, आणि त्यासाठी मावशींना हाक मारत बसावे लागू नये.

नवी रुग्णालये बांधली जातील तेव्हा हे करता येईल. आज उभ्या असलेल्या इमारतींचे काय? त्यातही थोडे जमते. काळी फिल्म खरवडून काढता येते. कॉटची दिशा बदलून खिडकी रुग्णाच्या कुशीला आणता येते. ती पायथ्याशी असेल तर तो दिवसभर डोळे मिचकावत पडतो, आणि उशामागे असेल तर उजेड डॉक्टरांच्या तोंडावर पडतो, त्याला काहीच दिसत नाही. समोरची साइड मार्जिनची भिंत पांढरी रंगवली तर खालच्या मजल्यावरही उजेड उतरतो, आणि शेजाऱ्याची परवानगी मिळाली तर एका दिवसाचे काम आहे. दर्शनी बाजूला मात्र अडचण निराळी असते. पहिल्या मजल्यावरच्या खोल्यांचा वरचा तुकडा, म्हणजे उजेडाचा मुख्य भाग, बऱ्याच ठिकाणी बाहेरच्या साइनबोर्डाने झाकलेला आहे. तो बोर्ड चार फूट खाली, प्रवेशद्वाराच्या कपाळावर आणला तरी रस्त्यावरून तितकाच वाचता येईल. आता निगडीपर्यंत मेट्रोच्या पुलाचे काम चालू आहे. तो झाला की वरून जाणाऱ्या गाडीतूनही आपले नाव वाचले जावे म्हणून बोर्ड खाली नव्हे, आणखी वरच्या मजल्यावर न्यायचा मोह मालकांना होणार, आणि त्या मजल्यावर वॉर्ड आहे.